आत्याचं शांडीगफ

आमच्या घरात एक शब्द होता, तो मला दुसऱ्या कुणाच्याही घरात कधी ऐकू आला नाही. अर्धं हे आणि अर्धं ते असं काही झालं की आमच्याकडे त्याला शांडीगफ म्हणायचे. ज्वारीत गव्हाचं पीठ मिसळून केलेली भाकरी म्हणजे शांडीगफ. उन्हात भुरभुर पाऊस आला की शांडीगफ. माझे यजमान वाशीमकडचे, त्यांचं बोलणं अर्धं वऱ्हाडी आणि अर्धं पुस्तकी. लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीला आत्या त्यांच्या तोंडावर म्हणाली, "जावईबापू शांडीगफ बोलतेत." त्यांना वाटलं, कौतुक असावं. ते हसले.

शब्द आत्याच्या आजोबांचा, म्हणजे माझ्या पणजोबांचा. विशी-पंचविशीत असताना ते हिंगोलीच्या छावणीत गोऱ्या अंमलदारांच्या मेसमध्ये कामाला होते. राज्य निजामाचं, पण फौजेवर साहेब इंग्रज, अशी ती छावणी. टेबलं लावायची, गिलास पुसायचे, साहेबांना काय हवं-नको ते बघायचं, असं त्यांचं काम. पुढे पलटण हलली, मेस बंद झाली, पणजोबा गावाकडे येऊन शेती करू लागले आणि नव्वदी पार करून गेले. मी त्यांना पाहिलं नाही. आत्यानं पाहिलं. त्यांच्या बोलण्यात शांडीगफ सारखं यायचं, पण त्याचा अर्थ त्यांना कुणी विचारला नाही. आत्यानं लहानपणी मनाशी ठरवून टाकलं होतं की शांडीगफ हा एक साहेब असणार, आणि तो एका पायात काळा आणि एका पायात पांढरा बूट घालत असणार.

आत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. सरकारी दवाखान्यात सिस्टर होती. वसमत, औंढा, शेवटी हिंगोली असं करत निवृत्त झाली. लग्न केलं नाही. आता आमच्याकडे वसमतलाच असते. वय अडुसष्ट. तिला कशाचंही कुतूहल. औषधाच्या खोक्यात घडी घालून ठेवलेला बारीक अक्षरांचा कागद शेवटपर्यंत वाचणारी मी पाहिलेली ती एकटीच.

मागच्या हिवाळ्यात तिचे डोळे दाखवायला मी तिला हैदराबादला घेऊन गेले. वसमतहून सकाळची गाडी धरली, सिकंदराबादच्या स्टेशनाजवळ एका लॉजमध्ये उतरलो, दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी काही तपासण्या केल्या आणि म्हणाले, दोन दिवसांनी या, सगळं एकदम सांगतो. म्हणजे दोन दिवस मोकळे. मी म्हणाले, चारमिनार बघू, म्युझियम बघू.

"ते सगळं मी नर्सांच्या सहलीत बघितलं," आत्या म्हणाली. "आपली हिंगोलीची पलटण उठून इकडंच आली म्हणतेत. सायेब लोक जिथं बसून पेत होते तसल्या जुन्या जागा आसतील की इथं. त्या बघू."

"आत्या, ते बार असतात."

"मंग? बार काय वाघ आसतो का?"

"मी शाळेत शिकवते."

"मी कुठं तुला तिथं शिकवाय बोलवून राहिले. जाऊ, बसू, सोडा पिऊ, येऊ. पेऊन पडलेल्या लोकायला मी जलमभर टाके घातले. ते बसतेत कुठं ते एकदा बघू तरी दे."

मी खोलीची किल्ली घेतली.

पहिली जागा लॉजवाल्यानंच सांगितली. बाजाराच्या गल्लीत, वर जाणारा दगडी जिना, वर अर्ध्या उंचीचे लाकडी झुलते दरवाजे. दाराशी एक जाडगेला माणूस स्टुलावर बसला होता. आत्याची साडी नऊवारी नसली तरी डोक्यावरून पदर, हातात कापडी पिशवी. त्याला वाटलं आम्ही चुकलो.

"अम्मा, टिफिन बाजू में मिलता," तो म्हणाला.

"टिफिन नक्को," आत्या म्हणाली. "बार देखने आए."

"देखने?"

"देखने. बैठने. सोडा पीने."

त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. मग तो उठून बाजूला झाला आणि दरवाजा हातानं धरून ठेवला, आत्याच्या पाठीला लागू नये म्हणून.

आत लांब दांड्यांचे पंखे, संगमरवरी टेबलं, काउंटरच्या मागे भिंतभर आरसा. आरशाला जागोजागी काळे डाग पडलेले. काउंटरच्या खाली पाय ठेवायला पितळी दांडा होता, तो मधोमध झिजून पातळ झालेला. किती माणसांनी किती वर्षं तिथं पाय टेकवला असेल कोण जाणे. आत्यानं वॉर्डात राउंड घ्यावा तसा सगळा फेरा मारला. टेबलाच्या खालच्या कडेवरून बोट फिरवलं, बोट बघितलं, आणि मान हलवून बसली.

"साफ हाय," ती म्हणाली. "बसाय हरकत न्हाई."

आम्ही लिंबू सोडा मागवला. त्याबरोबर उकडलेल्या शेंगदाण्यात कांदा-कोथिंबीर घालून आणलं. शेजारच्या टेबलावर तीन म्हातारे बसले होते. आम्हाला बघून त्यांचं बोलणं थांबलं, ते ताठ झाले, आणि एकानं समोरचा गिलास हळूच वर्तमानपत्राच्या आड सरकवला. आत्याला ते दिसलं.

"आराम से पीओ," ती त्यांना म्हणाली. "मैं सिस्टर हूं. बहुत देखी."

पाच मिनिटांत त्यांच्यातला एकजण मोबाइलवर साखरेचा रिपोर्ट काढून तिच्यापुढे धरून उभा होता. दुसऱ्यानं गुडघा दाखवला. तिसरा म्हणाला की त्याला काहीच होत नाही, आणि आत्यानं त्याचा हात धरून नाडी बघितली आणि म्हणाली, तुम्हीच आधी डॉक्टरकडे जा. मी सोडा पीत बसले होते. मला आठवत नाही त्याआधी मी कधी बारमध्ये इतकी निवांत बसले होते, कारण त्याआधी मी कधी बारमध्ये गेलेच नव्हते.

निघताना आत्यानं म्हाताऱ्या वेटरला विचारलं, "शांडीगफ साब का नाम सुने क्या कभी?"

तो विचारात पडला. आत जाऊन कुणालातरी विचारून आला. "साब लोगां बहुत थे अम्मा," तो म्हणाला, "सब के नामां कौन याद रखता."

तिथून चालत पुढच्या चौकात आलो तर एका मोठ्या जुन्या इमारतीवर निळे दिवे लागलेले दिसले. दगडी कमानी तशाच होत्या, पण कमानीत काचा बसवल्या होत्या आणि आतून ढोल वाजल्यासारखं काहीतरी ऐकू येत होतं. पाच वाजले होते. गाणी लावून बघत असावेत. आत्या म्हणाली, कमान जुनी हाय, बघू. दारातल्या मुलीनं सांगितलं, आज बायकांना प्रवेश मोफत. आत्याला ते आवडलं.

आत शिरलो. अंधार, थंडगार हवा, आणि छातीत धडधड करणारा आवाज. आत्यानं पिशवीतून कापूस काढला आणि दोन्ही कानांत घातला. तेवढ्यात काळा शर्ट घातलेला एक उंच माणूस आमच्याकडे यायला निघाला. दोन पावलांवर आला आणि जागच्या जागी थांबला.

"मॅडम," तो म्हणाला.

माझा विद्यार्थी. शिरड शहापूरचा. मी त्याला आठवी ते दहावी मराठी शिकवलं होतं. निबंध चांगले लिहायचा, अक्षर मात्र कोंबडीच्या पायाचं. आता सत्तावीस-अठ्ठावीसचा झाला होता, दाढी राखली होती. मी सांगणार होते की ही माझी आत्या, आम्ही डोळे दाखवायला आलो होतो. पण त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि कळलं की माझ्यापेक्षा तोच जास्त घाबरलाय.

"मॅडम, घरी सांगू नका," तो म्हणाला. "घरी मी कंपनीत हाय म्हणून सांगितलंय."

"काय करतोस इथं?"

"मॅनेजर हाय. पण घरी बार म्हणलं की संपलं. बाबा म्हणतील, इतकं शिकवलं ते दारू वाटाय का."

"मी पण शाळेत काही सांगणार नाही," मी म्हणाले. "तूही सांगू नको."

तो हसला. मग आम्ही दोघंही हसलो, आणि आत्याला कापसामुळे काहीच ऐकू आलं नाही म्हणून तिनं कापूस काढून विचारलं, "काहून हसून राहिले?"

त्यानं आम्हाला बाहेरच्या पायऱ्यांवर बसवून कॉफी पाजली. आत्यानं त्याला आजोबांचं, छावणीचं, शांडीगफ साहेबाचं सगळं सांगितलं. तो मन लावून ऐकत होता. म्हणाला, "आजी, हे जुनं न्हाई, जुन्यावर रंग दिलेलं हाय. तुमाला बराबर जुनं बघायचं तर उद्या छावणीकडच्या एका जागी जा. एक पारशी बाई चालवतेत. त्यांच्या आजोबापासनं हाय ते. मी फोन करून ठेवतो." आणि त्यानं खरंच आमच्यासमोर फोन केला. "मेरे टीचर आ रहे," असं म्हणाला. शिक्षक म्हणून बारमध्ये कुणी माझी शिफारस करेल असं मला बीएडला कुणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अकराला आम्ही रिक्षानं गेलो. मोठाल्या झाडांची शांत गल्ली, बैठा बंगला, पुढे रुंद व्हरांडा. व्हरांड्यात वेताच्या खुर्च्या. पाटी इतकी लहान की आम्ही एकदा पुढे जाऊन परत आलो. काउंटरमागे पांढऱ्या आखूड केसांची बाई चष्मा नाकावर ठेवून शब्दकोडं सोडवत बसली होती. ऐंशीच्या आसपासची असेल. तिनं आम्हाला बसायला सांगितलं आणि स्वतःच येऊन शेजारी बसली. दुसरं गिऱ्हाईक अजून कुणी नव्हतं.

"लडका बोला कोई साब को ढूंढते तुम," ती आत्याला म्हणाली.

"हौ. शांडीगफ साब. मेरे दादा हिंगोली छावनी के मेस में थे. हमेशा उसका नाम लेते थे."

"कौन साब?"

आत्यानं पुन्हा सांगितलं, सावकाश, एकेक अक्षर सुटं करून. बाईनं चष्मा काढला. मग ती हसायला लागली. मोठ्यानं नाही, पण थांबेना. टेबलावर हात टेकून हसत राहिली, डोळे पुसले, आणि आत्याच्या मनगटावर हात ठेवला.

"वो साब नहीं है बहन. वो पीने की चीज है. आधी बियर, आधा अदरक का पानी. उसकोच शांडीगफ बोलते थे पुराने लोगां."

आत्यानं डोक्यावरचा पदर सारखा केला. मला वाटलं तिला वाईट वाटलं. इतकी वर्षं मनात जपलेला साहेब एका वाक्यात गेला होता. मग ती माझ्याकडे वळून मराठीत म्हणाली, "म्हणजे आपल्या घरात आपण रोज दारूचं नाव घेत होतो. देवापुढं बसून सुदिक."

"आणि तू जावयाला ते म्हणालीस," मी म्हणाले.

आता आत्याही हसली.

पारशी बाई म्हणाली की तिचे वडील दर रविवारी दुपारी हेच प्यायचे. ते गेल्यापासून कुणी मागितलं नाही. "चालीस साल में तुम पहले हो," ती म्हणाली. आल्याचा पाक तिच्याकडे होताच, सोड्यात घालून द्यायला ठेवते म्हणे. ती आत गेली, उंच गिलास, पाकाची बाटली, सोडा आणि बियर घेऊन आली. पाक घातला, सोडा घातला, वरून बियर ओतली. तिचा हात थरथरत होता. फेस भसकन वर आला आणि टेबलावर सांडला. ती चुकचुकली आणि फडकं शोधू लागली.

"मी करू का?" आत्यानं विचारलं. मराठीतच विचारलं, पण बाईला कळलं. तिनं दुसरा गिलास पुढे सरकवला.

आत्यानं पदर खोचला. पाक आणि सोडा घातला. मग गिलास डाव्या हातात घेऊन तिरपा धरला, बाटलीचं तोंड गिलासाच्या काठाला जेमतेम टेकवलं, आणि बियर काचेवरून इतकी हळू सोडली की ती खाली उतरताना दिसत होती. गिलास हळूहळू सरळ होत गेला. फेस बोटभर आला आणि तिथंच थांबला. खाली गडद, वर सोनेरी.

बाई उभी राहून बघत होती. "किसने सिखाया?" तिनं विचारलं. "ये मेस का हाथ है. मेरे बाप का ऐसाच था."

"दादा ने," आत्या म्हणाली, आणि पुढचं मराठीत माझ्याशीच बोलली. "तिसरी-चौथीत आसन मी. ते मला पेल्यात ताक द्यायचे आन् तांब्यात पाणी. म्हणायचे, पाणी असं वत की ताकाला कळलं न्हाई पाह्यजे. दोन्ही येगळे उभे राह्यले की मला गूळ द्यायचे. मला वाटायचं म्हाताऱ्याचा खेळ हाय. पुढं दवाखान्यात औषध वतताना माझा हात कधी हालला न्हाई, डॉक्टर म्हणायचे, सिस्टर, तुमचा हात लई स्थिर. आजोबानं मला काय शिकवलं ते मला आज कळून राहिलं."

बाई तिसरा गिलास घेऊन आली.

मग आम्ही तिघी प्यायलो. मी सांगते तेवढंच, अर्धा गिलास. आत्यानं पहिला घोट घेऊन तोंड वाकडं केलं.

"सर्दीच्या काढ्यात कायतरी आंबलंय," ती म्हणाली. दुसरा घोट घेतला. "पण वाईट न्हाई." तिसऱ्या घोटाला म्हणाली, "उन्हातनं आलेल्या माणसाला बरं वाटत आसन. त्या सायबांची तरी काय चूक. हिंगोलीचा उन्हाळा."

बाईनं चीज टोस्ट मागवले. बारमध्ये गिऱ्हाइकं येऊ लागली, पण ती काउंटरवर गेली नाही, तिथल्या माणसाला हातानं खूण करत राहिली. तिनं आपल्या वडिलांच्या गोष्टी सांगितल्या. ते दर रविवारी जेवणाआधी टाय बांधायचे, घरी कुणी येणार नसलं तरी. आत्यानं दवाखान्यातल्या गोष्टी सांगितल्या. दोघींची भाषा एकच होती असं म्हणता येणार नाही, पण दोन तासांत कुणाचं काही अडलं नाही. निघताना बाई फाटकापर्यंत आली. आत्यानं तिला पिशवीतली हळदीची पुडी दिली, वसमतची. डॉक्टरांना द्यायला आणली होती. डॉक्टरांना मग नुसताच नमस्कार केला. त्यांनी सांगितलं, डोळे ठीक आहेत, थेंब चालू ठेवा.

वसमतच्या स्टेशनावर यजमान न्यायला आले होते. सामान उचलता उचलता त्यांनी डोळ्यांचं विचारलं. आत्यानं ते एका वाक्यात सांगून टाकलं आणि म्हणाली, "जावईबापू, इतकी सालं मी तुमाला बियर म्हणून राहिले होते. माफ करा."

त्यांनी रिक्षात बसेपर्यंत सगळं ऐकून घेतलं. मग जरा विचार करून म्हणाले, "अर्धीच म्हटली न आत्याबाई. अर्धं तं आलं होतं."

मला वाटलं होतं, आत्या हे गल्लीत कुणाला सांगणार नाही. तिनं दुसऱ्याच दिवशी सांगितलं, तेही भजनाला जमलेल्या बायकांना, टाळ बाजूला ठेवून. मी चहा घेऊन आत गेले तेव्हा ती गिलास कसा तिरपा धरायचा ते पाण्यानं करून दाखवत होती आणि सगळ्या जणी वाकून बघत होत्या. कुणी नाक मुरडलं नाही. एक-दोघींनी विचारलं की चढली काय. आत्या म्हणाली, "झोप चांगली लागली."

मग समोरच्या घरातल्या काकू, ज्या भजनाशिवाय सहसा तोंड उघडत नाहीत, हळूच म्हणाल्या, "माझ्या आजीची आजी छावणीत बंगल्यायला दूध घालायची. तिला विंग्रजीत दोनच शब्द येत व्हते. नो वाटर. रोज भांडं खाली ठिवलं की म्हणायची, नो वाटर. एक दिवस मडमेनं तिला घरात बोलावलं."

"काहून?" आत्या म्हणाली, आणि सतरंजीवर सरकून तिनं काकूंना आपल्याजवळ जागा करून दिली.